रेटिनातल्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्याखालच्या चेतापेशी: प्रकल्प नोंदी

३ जून (दिवस ०)

सकाळी दोन्ही पिंजऱ्यांत उंदरांची पिल्लं दिसली. एकीकडे आठ, दुसरीकडे सात. काल संध्याकाळी सहापर्यंत काही नव्हतं, म्हणजे जन्म रात्रीतला. वहीत सगळ्यात आधी हे लिहून ठेवते: जन्माचा दिवस शून्य धरायचा. काही प्रयोगशाळांत तो एक धरतात. पहिल्या आठवड्यात रेटिनातल्या (डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या) रक्तवाहिन्या रोज नजरेत भरेल इतक्या पुढे सरकतात, त्यामुळे मोजणीतला हा एका दिवसाचा घोळ पुढे सगळ्या तुलना बिघडवतो.

योजना अशी: दिवस १, ३, ५, ८, १०, १२ आणि १५. प्रत्येक दिवशी डोळे तपासायला दोन पिल्लं, प्रत्येक मादीचं एक. एक पिल्लू राखीव.

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रेटिनात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. भिंगाभोवती आणि डोळ्याच्या पोकळीत हायलॉइड वाहिन्यांचं तात्पुरतं जाळं असतं, ते पुढे विरून जातं. रेटिनातल्या खऱ्या वाहिन्या दृष्टिचेतेच्या मुखापासून निघतात आणि आठवडाभरात कडेपर्यंत पोचतात. माणसाच्या बाळात हेच काम आईच्या पोटात चालतं. सुरुवात साधारण सोळाव्या आठवड्याच्या आसपास होते, नाकाकडची कड छत्तिसाव्या आठवड्याला गाठली जाते, कानाकडची चाळिसाव्याला. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यात हा प्रवास अर्ध्यावरच असतो. मी या विषयाकडे वळले ती त्या बाळांमुळे.

माझा प्रश्न मात्र वाहिन्यांपुरता नाही. कुठे जायचं, किती फुटायचं, कुठे थांबायचं हे त्यांना कोण सांगतं?

४ जून (दिवस १)

पहिले चार डोळे. पिल्लाचा डोळा जेमतेम दोन मिलिमीटरचा. चार टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये (पेशी आहेत तशा टिकवणारं रसायन, म्हणजे फिक्सेटिव्ह) ठेवून मग सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. बुबुळाच्या कडेनं कात्री फिरवून कॉर्निया काढला, भिंग अलगद उचललं. भिंगाला चिकटून हायलॉइड वाहिन्या निघतात, पण सगळ्या नाहीत. राहिलेल्या चिमट्याच्या टोकानं एकेक सोडवाव्या लागतात. राहू दिल्या तर लेक्टिनचा (वाहिन्यांना चिकटणाऱ्या प्रथिनाचा) रंग त्यांनाही लागतो आणि खालच्या खऱ्या वाहिन्या झाकल्या जातात. ओढल्या तर रेटिना फाटते. या वयाची रेटिना ओल्या टिश्यू पेपरसारखी. एक फाटली. तीन नीट निघाल्या. चार काप देऊन पाकळ्या उलगडल्या आणि बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवल्या.

फाटलेलीही टाकली नाही. मध्यभाग शाबूत आहे, रंग जुळवायला कामी येईल.

८ जून (दिवस ५)

दिवस १ आणि ३ चे नमुने कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली घेतले आणि पोटात गोळा आला. लेक्टिनच्या हिरव्या चॅनेलमध्ये काहीच नाही, नुसता धूसर उजेड. आयसोलेक्टिन बी४ रक्तवाहिन्यांच्या पेशींवरच्या विशिष्ट शर्करेला चिकटतं. वाहिन्या पाहायची ही सगळ्यात भरवशाची रीत, आणि तीच फसली.

लाल चॅनेल मात्र स्वच्छ. त्यात पीडीजीएफ-आर-अल्फाची प्रतिपिंडं होती, म्हणजे दिसत होते ते ॲस्ट्रोसाइट, चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी. दृष्टिचेतेच्या मुखापासून चारी दिशांना पसरलेलं बारीक कोळिष्टकासारखं जाळं, मध्याशी दाट, कडेला विरळ होत गेलेलं. दिवस ३ च्या नमुन्यात ते बरंच दूर गेलं होतं. हिरवा चॅनेल चालला असता तर मी हे जाळं इतका वेळ पाहिलं नसतं. नजर वाहिन्यांकडेच गेली असती. सगळ्यांची जाते.

दुपारी माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बफरमध्ये कॅल्शियम घातलं होतंस?" नव्हतं घातलं. कपाटातून कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेला बफर उचलला आणि तसाच वापरला. हे लेक्टिन कॅल्शियमशिवाय चिकटत नाही. मॅडम म्हणाल्या, "नमुने गेले नाहीत. धू, कॅल्शियम घालून पुन्हा रंगव. आणि हे लाल चित्र जपून ठेव, ते तुला काहीतरी सांगतंय."

आज दिवस ५ ची पिल्लंही घेतली. वजनं ३.१ आणि २.४ ग्रॅम.

९ जून

नमुने नव्या बफरमध्ये रात्रभर. हाती वेळ होता, लाल चित्रं पुन्हा उघडली.

हे ॲस्ट्रोसाइट रेटिनात जन्मत नाहीत. ते दृष्टिचेतेतून चालत येतात, पिल्लू जन्मायच्या किंचित आधी. त्यांना बोलावतात गँग्लिऑन पेशी, म्हणजे ज्यांचे तंतू एकत्र येऊन दृष्टिचेता बनते त्याच. या पेशी पीडीजीएफ-ए (वाढीचा एक रेणू) स्रवतात आणि ॲस्ट्रोसाइटांवर त्याचा ग्राहक (तो रेणू पकडणारं प्रथिन) असतो. त्याच ग्राहकाला मी लाल रंगवलं होतं. १९९६ साली फ्रुटिगर आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं: पीडीजीएफ वाढवलं की ॲस्ट्रोसाइट वाढतात आणि त्यांच्यामागून वाहिन्याही वाढतात, अडवलं की जाळं आक्रसतं.

म्हणजे साखळी अशी लागते. चेतापेशी ॲस्ट्रोसाइटला हाक मारते, ॲस्ट्रोसाइट जाळं विणतो, त्या जाळ्यावरून रक्तवाहिनी चालते. काल माझ्या पडद्यावर या साखळीची मधली कडी तेवढी उरली होती.

पहिली कडीच काढून टाकली तर? ॲटोह७ हे जनुक नसलेल्या उंदरांत गँग्लिऑन पेशी जवळजवळ तयारच होत नाहीत. त्यांच्या रेटिनात वाहिन्यांचं जाळं उभंच राहत नाही, आणि विरून जायला हवं ते हायलॉइड जाळं तसंच टिकून राहतं. निसर्गातही असेच दाखले आहेत. गिनीपिगच्या रेटिनात वाहिन्या नाहीत, ॲस्ट्रोसाइटही नाहीत. सशात दोन्ही आहेत, पण दृष्टिचेतेच्या मुखापासून दोन बाजूंना गेलेल्या तंतूंच्या पट्ट्यांपुरतेच. स्टोन आणि ड्रेहर यांनी १९८७ मध्ये वेगवेगळे प्राणी शेजारी ठेवून ही जोडी लक्षात आणून दिली होती. सशाचं उदाहरण मला फार आवडतं. एकाच डोळ्यात होकार आणि नकार दोन्ही दिसतात.

११ जून (दिवस ८)

लागला. हिरवा चॅनेल लागला!

दिवस ५ चा नमुना तासभर नुसता पाहत बसले. वाहिन्या त्रिज्येच्या निम्म्याहून पुढे गेल्यात. मागे रोहिण्या आणि नीला ओळखू येऊ लागल्यात. रोहिणीच्या दोन्ही बाजूंना केशवाहिन्या नसलेली मोकळी पट्टी असते, त्यावरून ती चटकन सापडते. पण खरं काम चालतं ते पुढच्या कडेवर. साठपट भिंगाखाली एकच टोकपेशी घेतली. वाहिनीच्या अगदी टोकाला ही एक पेशी, आणि तिच्या अंगातून पुढे निघालेल्या दहा-बारा बारीक तंतुशाखा. लाल चॅनेल सोबत उघडला तर त्यातल्या बहुतेक तंतुशाखा ॲस्ट्रोसाइटच्या धाग्यांवर टेकलेल्या, अंधारात भिंत चाचपत जावं तशा. एक मात्र दोन धाग्यांमधल्या मोकळ्या जागेत सरळ पुढे गेलेली.

टोकपेशी विभाजित होत नाही, ती वाट काढते. तिच्या मागच्या देठपेशी विभाजित होऊन वाहिनी लांबवतात. गेरहार्ड्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यातली बारकाई दाखवली. व्हीईजीएफ (वाहिन्यांना वाढायला लावणारा रेणू) कुठल्या बाजूला जास्त आहे यावर टोकपेशीची दिशा ठरते. देठपेशी किती विभाजित होतील हे एकूण किती व्हीईजीएफ आहे यावर ठरतं. एकच रेणू, पण एक पेशी त्याचा उतार वाचते आणि दुसरी त्याचं प्रमाण.

पुढच्या वेळेसाठी: या तंतुशाखा फार नाजूक असतात. डोळा काढल्यापासून फिक्सेटिव्हमध्ये जाईपर्यंत उशीर झाला की आखडतात. दुसऱ्या पिल्लाच्या वेळी माझा उशीर झाला होता, आणि त्याच्या टोकपेशी बोथट दिसतात. तो फरक जीवशास्त्राचा नाही, माझ्या हाताचा आहे. मोजणीतून ते टोक वगळलं.

१२ जून

२.४ ग्रॅमच्या पिल्लाच्या वाहिन्या ३.१ ग्रॅमच्या पिल्लापेक्षा मागे आहेत. वय तेच, वंश तोच. वाढ मागे पडलेल्या पिल्लाची रेटिनाही मागे पडते. इथून पुढे प्रत्येक नमुन्यावर वजन लिहायचं, आणि वाहिन्यांची लांबी नुसती न देता रेटिनाच्या त्रिज्येशी गुणोत्तर द्यायचं.

१४ जून

गटाच्या बैठकीत चित्रं मांडली. शेजारच्या बाकावरच्या सहकारीनं हात वर केला: "हे सगळं ॲस्ट्रोसाइट आणि वाहिन्या आहेत. तुझ्या प्रकल्पाच्या नावात चेतापेशी आहेत, त्या कुठायत?"

बरोबर होतं तिचं. तीन रंगांची सोय असताना मी दोनच वापरले.

तिच्या प्रश्नाला धरून वाचलेलं इथे उतरवते, कारण माझी समजूत इथेच बदलली. मी आजवर चेतापेशीकडे फक्त हाक मारणारी म्हणून पाहत होते. भूक लागली, ऑक्सिजन कमी पडला, हाक मारली. तेही खरं आहेच. ऑक्सिजन कमी पडला की पेशीत सक्सिनेट हे रसायन साठतं. गँग्लिऑन पेशींवर जीपीआर९१ नावाचा त्याचा ग्राहक असतो, आणि तो जागा झाला की त्या व्हीईजीएफसह वाहिन्या वाढवणारे रेणू सोडतात. सापिएहा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे मांडलं. ॲस्ट्रोसाइटमधलं व्हीईजीएफ जनुक तेवढं काढून टाकलं तरी वाहिन्या बऱ्यापैकी नेहमीसारख्याच वाढतात, हेही २०१० मध्ये दिसलं. म्हणजे व्हीईजीएफचा स्रोत एकच नाही.

पण चेतापेशी अडवतेही, आणि ते मला ठाऊक नव्हतं. २०१४ मध्ये ओकाबे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रेटिनातल्या चेतापेशींवर व्हीईजीएफ-आर२ हा ग्राहक भरपूर असतो. हा ग्राहक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रक्तवाहिनीची पेशी येते. चेतापेशी त्याच्या साहाय्यानं आजूबाजूचं व्हीईजीएफ आत ओढून घेतात आणि पचवून टाकतात. चेतापेशींमधून हा ग्राहक काढला तर व्हीईजीएफ शिल्लक पडतं, आणि वरच्या थरात पसरायच्या ऐवजी वाहिन्या भलत्याच दिशेनं खाली, चेतापेशींच्या थरांत घुसतात. पहिल्या आठवड्यात वाहिन्या वरच्या वर शिस्तीत का पसरतात, खाली का उतरत नाहीत, याचं एक कारण हे. खालून त्यांना काही ऐकूच येत नाही. त्यांच्यापर्यंत जाणारा निरोप चेतापेशींनी वाटेतच पिऊन टाकलेला असतो.

शिवाय सेमाफोरिन ३ई हा रेणू. हाही गँग्लिऑन पेशींकडूनच. टोकपेशींवरच्या प्लेक्सिन-डी१ या ग्राहकाला तो लागतो आणि वाढीच्या कडेचा तोल सांभाळतो. तो नसला की कड वेडीवाकडी होते, फांद्या कमी फुटतात. आणि हे प्लेक्सिन-डी१ टोकपेशीत व्हीईजीएफमुळेच वाढतं. पुढे जा असं सांगणारा रेणूच थांब हे ऐकणारा कान तयार करतो. बसमधून घरी जाताना मी याच एका गोष्टीवर विचार करत होते.

१६ जून

दिवस ८ आणि १० चे नमुने. दिवस ८ ला वरचा थर कडेला टेकलाय. आणि मध्यभागाजवळ वाहिन्यांनी खाली बुडी मारायला सुरुवात केलीय.

सपाट चित्रात ही बुडी नुसत्या ठिपक्यासारखी दिसते. पहिल्या फेरीत मी ते ठिपके मॅक्रोफेज (भक्षक पेशी) समजून सोडून दिले होते, कारण आयसोलेक्टिन त्यांनाही रंगवतं. मग एकेक मायक्रॉन खाली जात थर घेतले आणि चित्र आडवं फिरवलं. ठिपका म्हणजे सरळ खाली गेलेला कोंब निघाला. बहुतेक कोंब नीला आणि केशवाहिन्यांतून फुटलेले, रोहिणीजवळ जवळपास नाहीत. दिवस १० च्या नमुन्यात हेच कोंब आतल्या पेशीथराच्या पलीकडच्या काठाला पोचून काटकोनात वळलेत आणि आडवे पसरू लागलेत. त्याखाली प्रकाशग्राही पेशींचा थर. तिथे एकही वाहिनी जात नाही. त्या पेशी स्वतः विरघळणारा फ्लट-१ हा ग्राहक सोडतात, तो व्हीईजीएफला धरून ठेवतो आणि सीमा राखली जाते. त्यांना रक्त मागून, कोरॉइडमधून (रेटिनामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून) मिळतं.

दिवस ८ चे ठिपके पुन्हा मोजायचे. मधला एक दिवस त्यातच जाईल.

१९ जून

दिवस ३ आणि ५ चे नमुने काढून गँग्लिऑन पेशींसाठी आरबीपीएमएसनं (त्यांची ओळख पटवणारं प्रथिन) पुन्हा रंगवले. आज पहिल्यांदा तिन्ही एका पडद्यावर.

निळ्या गोल पेशी सगळीकडे. मध्याशी, वाहिन्यांखाली, ॲस्ट्रोसाइटच्या कडेखाली, आणि त्याच्याही पुढे, जिथे ना लाल आहे ना हिरवं. रक्त पोचायच्या कितीतरी आधीपासून त्या तिथे बसलेल्या आहेत. दोन रंगांच्या चित्रात ती जागा काळी होती, आणि मी वहीत तिला 'रिकामा भाग' असं नाव दिलं होतं. वहीतलं ते नाव खोडलं. आता 'वाहिन्याविरहित भाग' असं लिहिते.

संध्याकाळी नव्या जोडीतल्या मादीत मिलनाची खूण दिसली. पुढची पिल्लं ९ जुलैच्या आसपास.

२३ जून

पिल्लांचे डोळे अजून उघडलेले नसतात (ते साधारण दोन आठवड्यांनी उघडतात) तेव्हाही रेटिना शांत नसते. पहिल्या दहाएक दिवसांत स्टारबर्स्ट ॲमाक्राइन पेशी (रेटिनातल्याच एका प्रकारच्या चेतापेशी) ॲसिटिलकोलीन हा संदेशवाहक रेणू सोडतात आणि विद्युत हालचालीची लाट रेटिनाभर फिरते. मेंदूकडे जाणारी जोडणी नीट बसवायला या लाटा लागतात हे मी पूर्वी शिकले होते. वाहिन्यांशी त्यांचा काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

२०१९ मध्ये वायनर आणि सहकाऱ्यांनी ही हालचाल अडवून पाहिली. स्टारबर्स्ट पेशी कमी केल्या तरी तेच झालं: वाहिन्या खोल थरांत उतरत नाहीत, आणि रक्त व रेटिना यांच्यामधला अडसर गळका राहतो. दोन रेणू कमी पडलेले आढळले, व्हीईजीएफ आणि नॉरिन. मग त्यांनी दोन्ही दुरुस्त्या वेगवेगळ्या करून पाहिल्या, आणि या कामातली मला सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते. बाहेरून व्हीईजीएफ दिलं की वाहिन्या उतरतात पण अडसर गळकाच राहतो. वाहिनीच्या पेशीत नॉरिनचा निरोप पुढे नेणारं बीटा-कॅटेनिन स्थिर केलं की अडसर सुधारतो पण वाहिन्या उतरत नाहीत. चेतापेशींच्या एकाच हालचालीतून दोन वेगळे निरोप जातात, एक वाढीचा आणि एक घट्टपणाचा.

माझ्या दिवस ८ आणि १० च्या नमुन्यांतली बुडी याच काळातली. ते सरळ खाली गेलेले कोंब आज पुन्हा पाहिले. रंगवलेल्या नमुन्यात लाट दिसत नाही, दिसणारही नाही. पण ते कोंब उतरत होते तेव्हा आजूबाजूला ती फिरत होती.

लाटांच्याही आधी प्रकाशाचा भाग येतो. गाभण मादीला शेवटच्या दिवसांत पूर्ण अंधारात ठेवलं तर पिल्लांत गँग्लिऑन पेशी जास्त होतात, ऑक्सिजनची गरज वाढते, व्हीईजीएफ वाढतं आणि वाहिन्या बेसुमार फुटतात. २०१३ मध्ये राव आणि सहकाऱ्यांनी याचा माग मेलानॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनापर्यंत नेला. आमच्या प्राणिगृहातला दिवा बारा तास चालू, बारा तास बंद असतो. तो वेळापत्रकानुसार खरंच चालतो का, हे तपासून लिहून ठेवायला हवं.

२४ जून

दिवा तपासला. वेळा बरोबर आहेत.

२७ जून

दिवस १२ आणि १५. खोल थर पूर्ण होत आलाय, आणि दिवस १५ मध्ये मधला थर, सगळ्यात उशिरा येणारा. त्याच्या केशवाहिन्या ॲमाक्राइन पेशींच्या अगदी लगत आहेत. ॲमाक्राइन आणि हॉरिझॉन्टल पेशींमधून व्हीईजीएफ काढलं तर हा मधला थर नीट तयार होत नाही आणि दृष्टीवरही परिणाम होतो, हे २०१५ मध्ये उसुई आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय. वरच्या थराला गँग्लिऑन पेशी, मधल्याला ॲमाक्राइन. ज्या थरात जे काम करतात तेच आपल्या दाराशी रक्त आणवतात.

राखीव पिल्लू दिवस २१ साठी ठेवलं होतं, ते २४ तारखेला घेतलं. तिन्ही थर पूर्ण आहेत.

२ जुलै

पुढच्या टप्प्याचा आराखडा मॅडमना दिला. ऑक्सिजनचा प्रयोग करायचा: दिवस ७ ते १२ पिल्लं आईसह ७५ टक्के ऑक्सिजनमध्ये, मग साध्या हवेत. १९९४ पासून ही पद्धत रूढ आहे. ऑक्सिजन भरपूर मिळाल्यामुळे मध्यभागातल्या वाहिन्या मरतात. साध्या हवेत आल्यावर तोच भाग ऑक्सिजनसाठी तडफडतो, आणि नव्या वाहिन्या आत शिरायच्या ऐवजी वर, काचद्रवाकडे गुच्छांनी फुटतात. अकाली जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यात जे होतं त्याच्याशी याचं साम्य आहे. त्या उपाशी भागात वाहिन्या परत का शिरत नाहीत? एक कारण पुन्हा चेतापेशींकडेच जातं. २०११ मधलं काम सांगतं की ऑक्सिजन न मिळालेल्या गँग्लिऑन पेशी सेमाफोरिन ३ए सोडतात आणि वाहिन्यांना दूर ढकलतात. तो अडवला की वाहिन्या त्या भागात पुन्हा येतात आणि वरचे गुच्छ कमी होतात.

मॅडमनी विचारलं, "यात नुसत्या वाहिन्या मोजून भागणार नाही का?" मी म्हटलं, नाही. अकाली जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यात आज व्हीईजीएफ अडवणारं औषध टोचलं जातं आणि त्यानं कित्येकांची दृष्टी वाचते. पण तो ग्राहक चेतापेशींवरही आहे, आणि त्यांना जगायला व्हीईजीएफची मदत होते. वाहिन्या सुधारल्या की नाही एवढंच मोजलं तर चेतापेशींचं काय झालं हे कधीच कळणार नाही. प्रत्येक नमुन्यात तिन्ही रंग असतील, आणि गँग्लिऑन पेशींची मोजणी वाहिन्यांच्या मोजणीइतकीच सक्तीची असेल.

त्यांनी आराखड्यावर सही केली, आणि समासात लिहिलं: "बफरमध्ये कॅल्शियम."

आरबीपीएमएसची प्रतिपिंडं मागवली. ९ तारखेच्या पिल्लांसाठी नळ्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवल्यात: दिवस, वजन, मादी, आणि डोळा काढल्यापासून फिक्सेटिव्हमध्ये जाईपर्यंतचे सेकंद.